न चाखलेलं इष्टू

११ फेब्रुवारी, रविवार

बिन्सीचा हुकूम आहे की अप्पच्चन, म्हणजे तिचे वडील, दिवसभरात काय खातात ते रोज लिहून ठेवायचं आणि रविवारी फोनवर वाचून दाखवायचं. पोरगी आयर्लंडच्या इस्पितळात नर्स आहे, पण नजर अजून माझ्या चुलीवरच. ठीक आहे, खाण्याचं तिला वाचून दाखवीन. बाकीचं जे लिहीन ते माझं.

तर आज सकाळी: अप्पम पाच, नारळाच्या दुधातलं बीफचं इष्टू तीन वाट्या, त्यातले माझ्या वाटणीचे बटाटेही. दुपारी: भात, परतलेलं बीफ, मासळीचं कालवण, वर उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद. रात्री: उरलेलं सगळं. उद्यापासून ईस्टरपर्यंत पन्नास दिवसांचा उपास. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, दूध नाही. म्हणून आज गावात प्रत्येक घरात असंच चालतं.

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला इच्चायन म्हणते. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ते कुरुविळा, वय सदुसष्ट, शुगरचे पेशंट. पोट चोळत म्हणाले, "थ्रेस्या, उद्यापासून मी साधू."

"आणि आज राक्षस," मी म्हटलं.

हसले. रबराच्या बागेत त्यांच्या पायाच्या अंगठ्याला खुंट लागला होता, ती जखम अजून ओलीच आहे. तरी घरात हसू आहे, ताटात अन्न आहे. देवा, तुझे उपकार.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी भाताची पेज आणि चवळी. दुपारी भात आणि कच्च्या फणसाची भाजी. संध्याकाळी कप्पा आणि मिरचीची चटणी. झोपताना दोन पिकलेली केळी, "पोट रिकामं वाटतंय" म्हणून.

आज डॉक्टरीणबाईंना मी हेच वाचून दाखवलं. त्या नायर, आमच्या धर्माच्या नाहीत, पण कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हा उपास आहे? आमच्याकडे म्हणतात ना, एकादशी आणि दुप्पट खाशी!" मग शुगरचा आकडा बघितला आणि हसू मावळलं. भात बंद, कप्पा बंद, फणस, केळी, बटाटा बंद. मांस, अंडी, मासळी आणि भाज्या खा, नाहीतर जखम भरणार कशाने, हवेने?

"ईस्टरनंतर खाईन," इच्चायन म्हणाले.

"ईस्टरपर्यंत थांबशील का, ते तुमच्या अंगठ्याला विचारा."

बसमध्ये मी खूप बोलले. ते खिडकीबाहेर बघत होते. रात्री बिन्सीला फोन लावला. ती म्हणाली, "अम्मची, इष्टू कर. फक्त बटाटा घालू नकोस आणि सोबत अप्पम देऊ नकोस. मी इथे सलगम घालते."

"इथे कुठून आणू सलगम?"

"मग कोहळा, मुळा, कच्ची पपई. परसात झाड आहे ना?"

झाड आहे, पपया आहेत, रस्ता ओलांडला की मत्तायीचं मटणाचं दुकान आहे. नाही ती फक्त या माणसाला अक्कल.

१८ फेब्रुवारी, रविवार

देवळात फादरनी स्वतःहून सांगितलं की आजारी, गरोदर आणि म्हाताऱ्यांना उपासाची सक्ती नाही. मी बायकांच्या बाजूने मोठ्यांदा खोकले. पुरुषांच्या बाजूला इच्चायन छताकडे बघत बसले, जणू तिथे पाल दिसली.

घरी येऊन भांडण. "फादरच म्हणाले ना?" "म्हणाले." "मग?" "मग काही नाही."

एवढा कडक उपास हा माणूस करतो हे बघून मला कधीकधी हसू येतं. बिन्सी व्हायच्या आधी हाच इच्चायन ऐन उपासात ताडीच्या गुत्त्यावर बदकाचं मटण चापून यायचा आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून वेलची चघळायचा. मग बिन्सी झाली. बाळंतपणातला ताप माझ्या डोक्यात गेला आणि मी इस्पितळात किती दिवस पडून होते ते मलाही आठवत नाही. बरी होऊन घरी आले तर हा साधू झालेला! माझं म्हणणं, देवळाच्या विश्वस्तपदावर डोळा असणार. ते काही मिळालं नाही, पण साधूपण चिकटलं. चारचौघांत मिरवायची हौस, दुसरं काय?

२४ फेब्रुवारी, शनिवार

भात बंद केला आहे. चवळी, मूग आणि पालेभाजी देते. ते चुपचाप खातात आणि सुकत चालले आहेत. जखमेतून पाणी येतं.

आज मी एक काम केलं. मत्तायीचं दुकान उपासात अर्धंच उघडं असतं. वाकून आत गेले.

"चेच्ची, तुम्ही? उपासात?"

"अर्धा किलो हाडं दे. कुत्र्याला."

"कुत्रा कधी पाळलात?"

"उद्या पाळणार आहे."

हाडं मागच्या अंगणात मंद आचेवर उकळली, गाळून तो रस्सा चवळीत घातला आणि वर आलं-मिरी भरपूर. ओळखू येणार नाही अशी माझी खात्री होती. पहिला घास घेतला आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

"थ्रेस्या, हे काय केलंस?"

ओरडले नाहीत. परसात जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. परत आले तेव्हा चेहरा पिठासारखा पांढरा. ताटाकडे नाही, माझ्याकडेच बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्षा चालू झाली आहे. माझ्यावर पहारा.

विहिरीवर गेले की मागे. देवळात गेले की मागे, लंगडत. बाजारात रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं. लग्नाच्या मिरवणुकीतही इतकं घट्ट धरलं नव्हतं. काल म्हणाले, नारळाच्या झाडाखालून जाऊ नकोस. आज सकाळी मला शिंक आली तर रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं आणि माझा रक्तदाब तपासायला लावला. नर्स म्हणाली, "अम्मची, तुमचा उत्तम आहे, यांचाच बघू का?"

मी पुन्हा मत्तायीकडे जाईन असं यांना वाटतंय. मी म्हटलं, "इच्चाया, नाही जात मी कुठे."

"नको जाऊस," म्हणाले, आणि डोळे पुसले. रिक्षातल्या धुळीने.

४ मार्च, सोमवार

माझ्या मागे मागे फिरून पाय सुजला. काल रात्री ताप भरला. आज डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. अंगठा काळा पडायला लागला आहे. सुया दिल्या. दोन आठवडे बघू, म्हणाल्या. नाही सुधारलं तर अंगठा काढावा लागेल, आणि उशीर केला तर नुसत्या अंगठ्यावर भागणार नाही.

रबराच्या झाडांमधून पहाटे कंदील घेऊन भराभर चालणारा हा माणूस. पाय गेला तर तो आतूनच मरेल, हे मला माहीत आहे.

मी आज रडले. लिहायला हरकत नाही, हे बिन्सीला वाचून दाखवायचं नाहीच.

५ मार्च, मंगळवार

फादर वयाने आमच्या बिन्सीपेक्षा लहान. पेज पीत बसले होते. मी दारातूनच सुरू केलं.

"फादर, तुमच्या उपासापायी माझ्या नवऱ्याचा पाय जाणार आहे!"

"अम्मची, आधी बसा."

"बसायला आले नाही मी. तुम्ही देवळात सांगितलंत, डॉक्टरांनी दवाखान्यात सांगितलं, पोरीने परदेशातून सांगितलं. हा माणूस ऐकत नाही. गर्व आहे त्याला गर्व, आपण सगळ्यांपेक्षा धार्मिक असल्याचा!"

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "गर्वाचा माणूस नाही वाटत मला तो. कधीपासून धरतात ते एवढा कडक उपास?"

"बिन्सी झाली तेव्हापासून."

"आणि तेव्हा तुम्ही कशा होतात?"

"मी? मी मरत होते," मी म्हटलं. "त्याचा इथे काय संबंध?"

फादर उठून उभे राहिले. मग म्हणाले, उद्या येतो.

६ मार्च, बुधवार

फादर आले. दोघं ओसरीवर बसले. मी सुंठेची कॉफी घेऊन गेले तर गप्प झाले. आत वळले तेव्हा इच्चायनचं एवढंच ऐकू आलं, "तिला कळता कामा नये." देवळाच्या पैशांची काही भानगड असणार. माझ्यापासून काय लपवायचं? मला तर बेरीजही नीट येत नाही.

मग फादर सरळ स्वयंपाकघरात आले. "अम्मची, उद्यापासून यांच्यासाठी बीफ शिजवा. ते खातील."

माझ्या हातातला डाव पडला. "काय जादू केलीत?"

"आणि रोज स्वयंपाकघरात तुमच्या हाताखाली काम करतील. बसून. कांदे सोलणं, आलं खरवडणं, जे सांगाल ते."

"इच्चायन? यांना चुलीची दिशा तरी माहीत आहे का?"

"दाखवा तुम्ही."

"पण का?"

"ते माझं आणि त्यांचं," फादर म्हणाले आणि निघून गेले.

का ते असो. खातील! देवा, तुझे किती आभार मानू? आज झोपताना गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केली.

७ मार्च, गुरुवार

पहिलं इष्टू. इच्चायन खुर्चीत बसले, पाय स्टुलावर, मांडीवर सूप, सुपात छोटे कांदे. एक कांदा सोलायला इतका वेळ की तेवढ्यात माझा नारळ खवून, वाटून, त्याचं दाट आणि पातळ दूध वेगवेगळं काढून झालं. सालीबरोबर निम्मा कांदाही जात होता. "इच्चाया, कांदा सोलताय की त्याला मोक्ष देताय?" डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण उठले नाहीत.

खोबरेल तेलात दालचिनी, लवंग, वेलची, भरडलेली मिरी. मग आलं, मिरच्या, कांदा, कढीपत्ता. मग बीफ, हाडासकट. पपई मी बटाट्यासारखी चिरून मांसाबरोबरच टाकली आणि पातळ दुधात सगळं शिजत ठेवलं. झाकण काढलं तर पपईचा पत्ता नाही आणि मांसाचे दोरे झालेले! पपई मांस लवकर शिजवते हे माहीत असूनही विसरले. चाखायचीही सोय नाही. इच्चायनना उपास माफ झाला असेल, मला नाही.

"मीठ कसं आहे?" मी विचारलं.

त्यांनी चमचा तोंडात घालून जरा विचार केला. "बरोबर आहे."

वाटी चाटूनपुसून खाल्ली. अप्पमशिवाय, भाताशिवाय, चमच्याने. नवऱ्याशिवाय वरात निघाल्यासारखं दिसत होतं ते, पण पोटात गेलं.

एवढ्यात कुंपणावरून शेजारची एलिक्कुट्टी. "कुणाच्या घरातून गं वास येतोय, उपासाच्या दिवसांत?"

"आमच्याच. आजारी माणसासाठी. विचार जा फादरना."

"मी कुठे काय म्हटलं? वास छान आहे, एवढंच," म्हणाली आणि तिथेच उभी राहून घेत राहिली.

१३ मार्च, बुधवार

आता जमलं. पपईच्या दोन-चार फोडी सुरुवातीलाच टाकायच्या, त्या विरघळून रस्सा दाट होतो, बटाट्याने व्हायचा तसा. बाकीच्या मांस शिजल्यावर, फरसबीबरोबर. दाट दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. वरून इच्चायनने सोललेले (म्हणजे त्यांच्या तावडीतून वाचलेले) कांदे तळून घालायचे. बिन्सी फोनवर म्हणाली, "अम्मची, मला शिकव आता!"

इच्चायनच्या रक्तदाबाच्या भीतीने मीठ मी बेतानेच टाकते. रोज विचारते. रोज एकच उत्तर, "बरोबर आहे."

शुगर उतरली आहे. सूज कमी आहे. देवाचे आणि पपईच्या झाडाचे आभार.

एक गोष्ट मात्र कळत नाही. बाळकैऱ्यांच्या लोणच्याची बरणी निम्मी झाली आहे. मी खात नाही, इच्चायन इष्टूबरोबर लोणचं कशाला खातील? एलिक्कुट्टी मागच्या दाराने येते हे मला माहीत आहे. विचारलं तर शपथेवर नाही म्हणाली, वर रुसून गेली.

१८ मार्च, सोमवार

अंगठा राहतोय!

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, या वेळी मी बघितलं. काळं जाऊन गुलाबी मांस धरलं आहे. म्हणाल्या, "काय खायला घालता यांना?" मी पपईपासून दाट दुधापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं! "दूध जरा बेताने घाला," एवढंच म्हणाल्या. इच्चायन मध्येच म्हणाले, "कांदे मी सोलतो." बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं.

२३ मार्च, शनिवार

उद्या ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, म्हणून आज घरोघरी कोळुक्कट्टा, तांदळाच्या उकडीचे गूळ-खोबरं भरलेले गोळे. इच्चायनने उकड वळायला मदत केली. त्यांचे गोळे विटेच्या तुकड्यांसारखे. स्वतः एकही खाल्ला नाही, फक्त वास घेतला. चांगले वळलेले एलिक्कुट्टीकडे पाठवले. रुसवा गेला.

३१ मार्च, ईस्टर

आता शांतपणे लिहिते.

देवळातून आलो. मोठं पातेलंभर इष्टू काल रात्रीच करून ठेवलं होतं, ते गरम केलं. एलिक्कुट्टीच्या घरून अप्पम आले, ते माझ्यासाठी. इच्चायनने प्रार्थना म्हटली, आणि उपास सोडताना मी माझ्या या नव्या इष्टूचा पहिला चमचा तोंडात घातला.

अळणी. इतकं अळणी की केळीचं पान चावल्यासारखं! मांस, मिरी, दूध सगळं आहे आणि चव म्हणून नाही.

"इच्चाया, हे असंच होतं? रोज?"

ते मान खाली घालून खात होते. ताटाच्या कडेला बाळकैरी. तेव्हा कुठे बरणीचं कोडं सुटलं.

"अहो, सांगायचं नाही का? रोज विचारत होते मी!"

"सांगितलं असतं तर तू चाखून बघितलं असतंस," ते म्हणाले. "उपास मोडला असता तुझा. घरात एकाचा मोडला तेवढा पुरे."

"मोडला तर मोडला! त्याचं एवढं काय?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग खिडकीकडे बघत बोलले. बिन्सी झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, पोर वाचली, आईचं सांगता येत नाही. ते तिथून देवळात गेले आणि नवस बोलले. ही जगली तर जन्मभर पन्नास दिवस मांसाला शिवणार नाही. मी जगले. ते शिवले नाहीत.

"आणि त्या दिवशी चवळीत तू रस्सा घातलास. माझ्या तोंडात गेला. मला वाटलं, आता देव तुला..."

विहीर, नारळाचं झाड, रस्त्यातलं मनगट, शिंक, रक्तदाब. सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. पहारा माझ्यावर नव्हता. माझ्या मरणावर होता. पाय कुजत असताना हा माणूस माझ्या मागे लंगडत फिरला आणि मी त्याला वहीत गर्विष्ठ म्हणून लिहीत बसले.

"फादर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, जी वाचावी म्हणून मांस सोडलंत, तिच्याच हातचं आता खा. आणि बदल्यात तिचं काम थोडं हलकं करा."

"मला का नाही सांगितलंत इतकी वर्षं?"

"तू डोक्यावर बसली असतीस."

खरं आहे, बसले असते. हसले मी, मग पदरात तोंड घालून रडले. मग उठून मिठाचा डबा आणला. माझ्या वाटीत घातलं, त्यांच्या वाटीत घातलं, ढवळलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"थ्रेस्या," म्हणाले, "हे फारच चांगलं झालंय."

१ एप्रिल, सोमवार

सकाळी उठले तर इच्चायन आधीच स्वयंपाकघरात. पाय स्टुलावर, मांडीवर सूप.

"उपास संपला की," मी म्हटलं. "जा, ओसरीवर बसा, पेपर वाचा."

"उपास संपला. तू अजून आहेस ना?" म्हणाले आणि पुढचा कांदा घेतला.

निम्मा कांदा सालीबरोबर जातच होता. फेकलेलं गोळा केलं, धुतलं आणि तेही पातेल्यात टाकलं.

बिन्सीसाठी: सकाळी इष्टू दोन वाट्या. बटाटा नाही, अप्पम नाही. मीठ बरोबर. आज मी चाखून बघितलं.